अडतीसपैकी एकतीस ताडपत्र्या

'रिकाम्या हाती' या कार्यक्रमाच्या नवव्या भागात नायकाने दोन आखूड दोर एका गाठीने जोडून त्यांवर ताडपत्री ताणली, आणि ताडपत्रीच्या पोटात साचलेले दोन बादल्या पाणी पेलूनही ती गाठ सकाळपर्यंत टिकली. तो भाग पाहून अडतीस प्रेक्षकांनी त्याच जातीचा दोर घेतला, दाखवली तशीच गाठ मारली आणि आपापल्या अंगणात ताडपत्री ताणली. त्यांतल्या एकतीस ताडपत्र्या खाली आल्या.

ही आकडेवारी वाहिनीने स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती. 'आपला निवारा बांधा, फोटो पाठवा' अशी स्पर्धा तिनेच जाहीर केली होती. बक्षीस म्हणून नायकाच्या सहीची टोपी होती, आणि कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक स्पर्धकाला कार्यक्रमातल्यासारखाच करडा दोर घरपोच पाठवला होता. लोकांनी आधी फोटो पाठवले आणि मग तक्रारी. एका निवृत्त पोस्टमास्तरांची ताडपत्री त्यांच्या व्याह्यांच्या अंगावर पडली. व्याही त्या वेळी चहा घेत होते. पोस्टमास्तरांनी लिहिले होते की, व्याह्यांना इजा झालेली नाही. परंतु संबंधांविषयी तसे म्हणता येणार नाही.

हा सगळा गठ्ठा सोमवारी सकाळी पडताळणी विभागात येऊन पडला. या विभागात एक टेबल, एक कपाट आणि एक बाई होत्या. सगळे त्यांना पडताळणीबाई म्हणत. त्यांनी अकरा वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले होते. तिथे मुलांची चुकीची उत्तरे तपासावी लागत. इथेही काम तेच होते, फक्त उत्तरे रंगीत असत आणि त्यांना पार्श्वसंगीत असे.

गठ्ठा निम्मा वाचून होतो न होतो तोच साहेबांचे बोलावणे आले. साहेब कार्यक्रम विभागाचे प्रमुख होते. निर्णय तडकाफडकी घ्यावा आणि कारणे सावकाश जमवावीत, अशी त्यांची कामाची पद्धत होती.

"झालं!" बाई आत शिरताच साहेब म्हणाले. "आधी ती चप्पल, आता ही गाठ. लोक म्हणणार, सगळीच बनवाबनवी."

चपलेची हकिकत थोडक्यात अशी. चौथ्या भागात नायक कड्याच्या कपारीत अंगाचे मुटकुळे करून झोपलेला दाखवला होता. पंधरा दिवसांपूर्वी एका वर्तमानपत्राने त्याच मुक्कामातला एक फोटो छापला. त्यात विश्रामगृहाच्या दारापाशी नायकाच्या चपला होत्या, आणि दारावर 'कृपया झोपमोड करू नये' अशी पाटी लटकत होती.

"बाई, तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या," साहेब म्हणाले. "सल्लागारांनी चुकीची गाठ शिकवली, सबब त्यांना कामातून मुक्त केलं. शुक्रवारी दुपारी दोनला आपण ते पडद्यावर जाहीर करतो. विषय संपला."

"गाठ चुकीची आहे हे कुणी पाहिलं?"

"एकतीस ताडपत्र्यांनी!"

"ताडपत्र्या फक्त पडल्या, साहेब. त्यांनी कारण सांगितलेलं नाही."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं."

"पगार त्याचाच मिळतो."

साहेबांनी छताकडे पाहिले. छतही आपल्या बाजूने नाही, असे त्यांना बहुधा वाटले. "शुक्रवार दुपारी बारा," ते म्हणाले. "बाराच्या आत कारण आणा. नाहीतर ती ओळ मी लिहितो."

बाई टेबलाशी परतल्या आणि त्यांनी कपाटातून एक वही काढली. वहीवर 'रचलेले प्रसंग' असे लिहिले होते. चपलेचे प्रकरण उजेडात आल्यावर त्यांनी कार्यक्रमाचे सगळे भाग एकेक करून चाळले होते आणि चित्रीकरण-पथकातल्या प्रत्येकाला गाठून विचारले होते. वहीत सतरा नोंदी होत्या. दुसऱ्या भागातला साप सर्पमित्राच्या टोपलीतून आला होता आणि चित्रीकरणभर झोपलेला होता. पाचव्या भागातले मधाचे पोळे फांदीला तारेने टांगले होते. सहाव्या भागात नायकाने छातीभर पाण्यातून नदी ओलांडली. नदी प्रत्यक्षात मांडीपर्यंतच होती, म्हणून नायक गुडघ्यांवर चालला.

प्रत्येक नोंदीसमोर बाईंनी एकच प्रश्न विचारला होता: दाखवले तसे प्रेक्षकाने केले, तर दाखवले तसे घडेल का? साप झोपलेला होता खरा. पण 'हलू नका, मग हळूहळू मागे सरका' हा नायकाचा सल्ला जाग्या सापालाही लागू पडत होता. नदी उथळ होती. पण काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवून तिरके चालायची रीत खोल पाण्यातही तीच असते. सतराच्या सतरा प्रसंग खोटे होते, आणि सतरांपैकी एकानेही कुणाचे वाकडे झाले नसते. बाईंनी हे साहेबांना लेखी कळवले होते. साहेबांनी त्यातला फक्त पहिला अर्धा भाग वाचला होता.

गाठीचा प्रसंग या वहीत नव्हताच. तो दुसऱ्या वहीत होता, 'खरे प्रसंग' या मथळ्याखाली, पहिल्या क्रमांकावर. गाठ नायकाने स्वतः मारली होती, ताडपत्री खरी होती, पाऊस खरा होता, आणि पथकातले सात जण त्या ताडपत्रीखाली खरोखरच भिजले नव्हते.

*

गाठ ज्यांनी शिकवली त्यांना सगळे दोरकाका म्हणत. इमारतीच्या तळघरातल्या सामानाच्या खोलीत त्यांचा मुक्काम असे. भिंतींवर दोरांची वेटोळी जाडीच्या क्रमाने टांगलेली होती, आणि खोलीला डांबराचा आणि ओल्या तागाचा वास होता. चौतीस वर्षे जहाजांवर दोरांचे काम केल्यावर ते या वाहिनीत सल्लागार म्हणून आले होते.

"या, पडताळणीबाई," बाईंना पाहून ते म्हणाले. "फाशीचा दोर मोजायला आलात वाटतं?"

"शिक्षा अजून व्हायची आहे, काका."

"साहेबांनी जल्लादसुद्धा नेमला म्हणे."

"तो मीच. बसू का?"

काकांनी स्टूल पुसून पुढे सरकवले. मग करड्या दोराचे दोन तुकडे घेतले आणि बाईंच्या डोळ्यांपुढे धरले. "बघा. उजवं टोक डाव्यावरून न्यायचं आणि खालून वर काढायचं. ही अर्धी गाठ. आता डावं टोक उजव्यावरून, पुन्हा खालून वर. ही उरलेली अर्धी. दुसऱ्या वेळी बाजू बदलायची, एवढंच यातलं शास्त्र. गाठ चपटी बसते, ओढाल तेवढी आवळते. हिच्यावर जिवाचा भार टाकू नये, हे मी नायकाला दहादा बजावलंय. ताडपत्रीला मात्र ही बक्कळ झाली."

"आणि बाजू बदलली नाही तर?"

काकांनी दुसरे दोन तुकडे घेऊन तसे करून दाखवले. गाठ जरा आडवी, वाकडी बसली. त्यांनी दोन्ही बाजूंनी हिसका दिला. गाठ सरकत सरकत सुटली. "कच्ची गाठ," ते म्हणाले. "नवखा माणूस हीच मारतो."

बाईंनी पिशवीतून स्पर्धेचे फोटो काढले आणि भिंग पुढे केले. काका एकेक फोटो पाहत आणि टेबलावर ठेवत गेले. सगळे पाहून झाल्यावर टेबलावर दोन ढिगारे झाले होते. मोठ्यात एकतीस फोटो होते.

"सगळ्या कच्च्या?" बाईंनी विचारले.

"एकजात."

"काका, एकतीस माणसं आपापल्या बुद्धीने चुकली तर निदान दहा-बारा प्रकारे चुकतात. मी अकरा वर्षं पेपर तपासलेत. सगळे एकाच जागी एकच चूक करतात, तेव्हा ती त्यांची नसते. कुणीतरी शिकवलेली असते."

"म्हणजे मी," काका म्हणाले.

"तसं मी म्हटलं नाही."

"साहेब म्हणतायत ना." काका दोराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. "बाई, मला काढा. घरी बसायची मला भीती नाही. घरचे मला बघून कंटाळतील, तो त्यांचा प्रश्न. पण काकांची गाठ चुकीची, असं पडद्यावर लिहून दाखवू नका. मी शिकवलेली दीडशे पोरं अजून समुद्रावर आहेत. त्यांनी कुणाच्या भरवशावर दोर धरायचा?"

भरवसा ही मोजता न येणारी गोष्ट होती, आणि मोजता न येणाऱ्या गोष्टींबद्दल त्या सहसा बोलत नसत. पण फोटो पिशवीत भरताना त्यांनी ते दोनदा मोजले, आणि दोन्ही वेळा चुकले.

*

मंगळवारी बाईंनी एका शंकेचा निकाल लावला. टीव्हीवरचा माणूस आपल्यासमोर तोंड करून असतो. त्याचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो. लोकांनी आरशात बघून केल्यासारखी नक्कल केली असेल तर? त्यांनी काकांना सगळे उलट करायला लावले. काकांनी डावे टोक उजव्यावरून नेले, मग उजवे डाव्यावरून. गाठ घट्ट बसली. त्यांनी ती जिन्याच्या कठड्याला अडकवून खाली पाण्याचे भरलेले कॅन लटकवले. ती तसूभरही सरकली नाही.

"दोन्ही अर्धी उलटी केलीत, तर गाठ तीच राहते," काका म्हणाले. "डावखुरे काय गाठी मारत नाहीत?"

शंका बाद झाली. बाईंनी वहीत तसे लिहिले.

बुधवारी त्या नायकाला भेटल्या. तो रंगभूषेच्या खोलीत आरशापुढे बसला होता आणि एक मुलगी त्याच्या गालावर ब्रशने चिखल लावत होती. नायक स्वभावाने गरीब होता. लोक समजतात तितका शूर नव्हता आणि लोक समजू लागले होते तितका लबाडही नव्हता. त्याने बाईंपुढे दहा वेळा गाठ मारली आणि दहाही वेळा ती बरोबर आली. अकराव्या वेळी त्याने ती डोळे मिटून मारली, कारण खोलीत आता चार माणसे बघत होती.

"तुम्ही उजवं-डावं तोंडाने का सांगितलं नाहीत?" बाईंनी विचारले. "कार्यक्रमात तुम्ही फक्त 'हे असं... आणि मग हे असं' म्हणता."

"अहो मॅडम, सांगितलं होतं! निवेदन लिहिणाऱ्याने कापलं. म्हणे, शाळेसारखं वाटतं. 'हे असं' यात म्हणे गूढता आहे."

"गूढता आहे खरी," बाई म्हणाल्या.

तेव्हा प्रेक्षकांपाशी केवळ चित्र उरले होते, हे नक्की झाले. बाईंनी त्या दिवशी नवव्या भागातली ती चाळीस सेकंदे सलग नऊ वेळा पाहिली. पहिली अर्धी गाठ दिसत होती, मग पावसाच्या थेंबांचे एक दृश्य, मग दुसरी अर्धी गाठ, मग पुरी झालेली गाठ जवळून. पुरी झालेली गाठ निर्विवाद बरोबर होती. दहाव्या वेळी त्यांच्या ध्यानात आले की आपण हात पाहतच नाही आहोत. सोमवारपासून त्यांना ती गाठ येऊ लागली होती, आणि पडद्यावर त्यांना जे येत होते तेच दिसत होते. या प्रयोगाला आता त्यांचे डोळे कुचकामाचे झाले होते. गाठीतले ओ की ठो कळत नसलेला माणूस हवा होता.

असा माणूस त्यांच्या घरातच होता.

*

बाईंच्या सासूबाईंनी तीस वर्षे शिवणकामाचे दुकान चालवले होते. आता दुकान नव्हते, पण नजर शाबूत होती, आणि 'रिकाम्या हाती' हा त्यांचा सर्वांत लाडका कार्यक्रम होता. गुरुवारी संध्याकाळी बाईंनी टीव्हीसमोर दोन खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून ठेवल्या, मध्ये चार हातांचे अंतर सोडले आणि सासूबाईंच्या हातात दोराचे दोन तुकडे दिले.

"म्हणजे मी तुझा प्रयोगातला उंदीर," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"उंदराला चहा मिळतो का?"

"प्रयोगानंतर."

"कंजूष शास्त्रज्ञ आहेस." मग मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "अरे, तू कशाला उभा तिथे?"

"मी खुर्ची धरलीय, आई. उलटू नये म्हणून."

"धर, धर. बायकोने सांगितलेलं एक तरी काम नीट कर."

बाईंनी तो भाग सुरू केला. झोपलेला साप जाहिरातीत येऊन गेला. सासूबाई त्याच्याकडे पाहून हसल्या.

"तो साप खोटा होता हे तुम्हाला माहीत आहे?" बाईंनी विचारले. चपलेच्या प्रकरणापासून हा प्रश्न त्या दिसेल त्याला विचारत होत्या.

"अगं, न कळायला काय झालं? खरा साप एवढा वेळ स्वतःचा फोटो काढू देतो होय? नाटकात राजा येतो, तेव्हा त्याला आपण राज्याचे कागद दाखव म्हणतो का? बसतो, बघतो, टाळ्या वाजवतो." सासूबाईंनी दोर हातात नीट धरले. "पण तो 'शिकवतो' म्हणाला की गोष्ट वेगळी. मग मी बघत नाही, मी करते. तेव्हा मात्र त्याने मला फसवायचं नाही."

बाईंनी वही काढली आणि हे वाक्य लिहून घेतले. चार पानी अहवालात त्यांना जे नीट मांडता आले नव्हते, ते सासूबाईंनी चहाशिवाय मांडले होते.

मग गाठ आली. सासूबाईंनी पडद्यावर नजर रोखून, ओठ आवळून, नायकाच्या हातांबरोबर हात चालवले. बाईंनी दोन वेळा चित्र थांबवले. गाठ झाली, दोर खुर्च्यांना बांधला गेला, मध्ये अर्धी बादली पाणी लटकले. सासूबाईंनी हात सोडले. क्षणभर सगळे ठीक होते. मग गाठ सुसरीसारखी सावकाश सरकली, बादली गेली, आणि खुर्ची धरून उभ्या असलेल्या माणसाची विजार घोट्यापर्यंत भिजली.

"आई!"

"ओरडू नकोस, पाणीच आहे. मी तो करतो तस्संच केलं!" सासूबाई चिडल्या होत्या. "परत लाव गं. मला बघू दे याने काय केलं ते."

बाईंनी परत लावले. पहिली अर्धी गाठ, थेंब, दुसरी अर्धी गाठ.

"थांब, थांब. जरा मागे घे. इथे. आता पुढे. थांब." सासूबाईंनी खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावले. "याने मध्येच शर्ट का बदलला?"

"कुठे बदलला, आई? तोच खाकी शर्ट आहे."

"तो कसा असेल? थेंबांच्या आधीचा पुरुषी आहे आणि नंतरचा बायकी. ही पट्टी बघ. पुरुषांच्या शर्टाला काजं डाव्या अंगाला असतात आणि बटणं उजव्या. बायकांच्या शर्टाला नेमकं उलट. हा बघ, नंतर काजं उजव्या अंगाला आली. तीस वर्षं काजं केलीत मी. मापं चुकली असतील कुणाची, काज माझ्या हातून इकडचं तिकडे झालेलं नाही. रानात एकटाच आहे म्हणतो ना हा? मग हा बायकी शर्ट आणला कुणाचा?"

नवरा भिजल्या विजारीनिशी हसू लागला. बाई हसल्या नाहीत. त्या पडद्याजवळ गेल्या, दोन्ही चित्रे आलटून पालटून पाहिली, आणि मग उभ्याउभ्याच दोर हातात घेऊन सासूबाईंनी केले होते तसे केले. उजवे डाव्यावरून. पुन्हा उजवे डाव्यावरून.

"आई," त्या म्हणाल्या, "शर्ट तोच आहे. माणूस पलटलाय."

"मला कळेल असं बोल."

"आधी चहा टाकते."

*

कार्यक्रमाच्या संकलकाला सगळे कात्री म्हणत. खरे नाव पगारपत्रकापुरते उरले होते. त्याच्या खोलीत दोन पडदे, एक पंखा आणि बिस्किटांचा डबा असे. शुक्रवारी सकाळी नऊला बाई तिथे पोचल्या तेव्हा तो खुशीत होता.

"कात्री, नवव्या भागातली दुसरी अर्धी गाठ. ते दृश्य आरशासारखं पलटलं आहेस?"

"पलटलंय ना!" कात्रीचा चेहरा उजळला. "मस्त जमलंय, नाही? ताई, ओळखणाऱ्या पहिल्या तुम्हीच."

"मी नाही. माझ्या सासूबाई. का पलटलंस?"

"अहो, कारण नायक कायम डावीकडून उजवीकडे जातो. पहिल्या भागापासून. जंगलातून बाहेर पडायची वाट पडद्याच्या उजवीकडे आहे, असं लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं. त्याचं तोंड मध्येच डावीकडे झालं, तर बघणाऱ्याला वाटतं हा परत निघाला. त्या दिवशी पहिली अर्धी गाठ झाली आणि ढग सरकून ऊन थेट कॅमेऱ्यात आलं. कॅमेरामन उठून नायकाच्या दुसऱ्या अंगाला गेला. झालं, तोंड डावीकडे! मग मी पलटून सरळ केलं." त्याने एक बिस्कीट घेतले. "दर भागात सहा-सात तरी पलटतो. कुठे अक्षरं असली तर नाही पलटत. हातात घड्याळ असलं तर नाही. आमचे नियम कडक असतात."

"काजं?"

"काजं काय?"

बाईंनी त्याच्यापुढे दोर ठेवला आणि पडद्यावर दिसते तसे करायला सांगितले. कात्रीने केले. त्यांनी हिसका दिला. गाठ त्याच्या हातात सुटली. मग तेच दृश्य न पलटता लावायला सांगितले. त्याने पुन्हा केले. या वेळी हिसक्याने त्याचे हात ओढले गेले, गाठ सुटली नाही. बिस्कीट तसेच अर्धवट राहिले.

"पण ताई," तो म्हणाला, "हा तर रचलेला प्रसंग नव्हे. शंभर टक्के खरा होता."

"हो. म्हणून तर तो कुणी तपासला नाही. मीसुद्धा नाही."

पुरावा एका माणसाचा, तोही बिस्किटे खाणारा, एवढ्यावर बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. तासाभरात त्यांनी इमारतीतून गाठीचा गंध नसलेली दहा माणसे गोळा केली: स्वागतकक्षातली मुलगी, दोन ड्रायव्हर, सफाईच्या मावशी, हिशेबखात्याचे प्रमुख आणि असेच आणखी पाच जण. पाच जणांना प्रसारित झालेले चित्र दाखवले आणि पाच जणांना न पलटलेले. पहिल्या पाचही गाठी सुटल्या. दुसऱ्या पाचांपैकी चार टिकल्या. पाचवी हिशेबखात्याच्या प्रमुखांची होती. दोरकाकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि चौतीस वर्षांत अशी गाठ पाहिली नसल्याचे जाहीर केले. ती सुटत नव्हती, पण कुणाला सोडवताही येत नव्हती. शेवटी दोर कापावा लागला.

पावणेबाराला बाई साहेबांच्या खोलीत होत्या. साहेबांनी अहवाल वाचला; या वेळी दोन्ही अर्धे भाग वाचले.

"म्हणजे काका चुकले नाहीत?"

"नाही."

"नायक?"

"नाही."

"मग त्या कात्रीला काढू," साहेब म्हणाले. कुणाला तरी काढल्याशिवाय शुक्रवार त्यांना ओकाबोका वाटला असता.

"'नायक पडद्यावर कायम उजवीकडे जाताना दिसला पाहिजे.' लेखी सूचना आहे, साहेब. पहिल्या भागाच्या वेळची. खाली सही आहे." बाईंनी कागद पुढे केला.

साहेबांनी सही पाहिली. ती ओळखीची होती. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"मग प्रेक्षकांना सांगायचं काय?"

"जे झालं ते."

"त्याने तर आपलंच हसं होईल, बाई."

"होऊ दे. ताडपत्र्या पडणार नाहीत."

दुपारी दोनला दोरकाका तळघरातून वर आले आणि स्वागतकक्षातल्या टीव्हीसमोर, हात पाठीशी बांधून, उभे राहिले. बाई त्यांच्या शेजारी होत्या. पडद्यावर नायक आला. या वेळी त्याच्या चेहऱ्यावर चिखल नव्हता. त्याने काकांकडून आलेली गाठ दोन्ही बाजूंची नावे घेत, 'उजवं', 'डावं' असे मोठ्याने म्हणत, एकाच अखंड दृश्यात मारून दाखवली. मग त्याने बाईंनी लिहून दिलेला मजकूर वाचला, आणि त्यात एका शब्दाचीही भर घातली नाही:

"आमच्या सल्लागारांनी शिकवलेली गाठ बरोबर आहे, आणि चित्रीकरणात ती बरोबरच मारली गेली होती. स्पर्धेतील ज्या सात ताडपत्र्या टिकल्या, त्यांच्या मालकांना ही गाठ आधीपासून येत होती, असे त्यांनी आम्हाला फोनवर सांगितले. उरलेल्या एकतीस जणांनी पडद्यावर पाहिले तसेच केले. या गाठीचे दोन अर्धे भाग असतात, आणि दुसऱ्या भागात टोकांची बाजू बदलावी लागते. दुसऱ्या भागाच्या वेळी कॅमेऱ्याची जागा बदलल्याने नायकाचे तोंड पडद्याच्या डावीकडे आले. ते उजवीकडे दिसावे म्हणून संकलनात केवळ तेवढे दृश्य आरशाप्रमाणे पलटण्यात आले. त्यामुळे बदललेली बाजू पुन्हा मूळ ठिकाणी आली, दोन्ही अर्धे भाग एकसारखे दिसले, आणि तसे केल्यास जी गाठ बसते ती ताण पडताच सुटते."